अकरा मिनिटांची कानटोपी

१२ सप्टें., शुक्र.

आज अकरा मिनिटं. परवा चौदा होती.

अप्पांची कानटोपी, म्हणजे तो बिनवायरचा हेडसेट. नाव त्यांनीच ठेवलंय. साडेचारला सरगूरहून आत्याचा फोन येतो, अप्पा कानटोपी चढवतात, दिवा हिरवा होतो, आणि आमची ब्लाउजं कापायची खोली ही एक्क्याऐंशी आणि सत्त्याऐंशी वर्षांची भावंडं ताब्यात घेतात. मी मशीन थांबवायची. हा नेम पाच वर्षांचा. पूर्वी एका चार्जिंगवर आठवडा जायचा.

कानाचं मशीन आहे. बटणांच्या डब्यात. फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं म्हणून तिथे. फोन स्पीकरवर ठेवला तर अप्पांना नुसती घरघर ऐकू येते. कानटोपीतच काय ते शब्द कळतात, दोन्ही कानांत, मोठ्याने. चार्जिंगला लावून बोलावं म्हटलं तर वायर असेपर्यंत ती मुकी.

अकराव्या मिनिटाला आतली बाई इंग्रजीत सांगते की बॅटरी संपली. अप्पा हात वर करतात, "बाई बोलली." मग फोन ठेवायचा. आत्या तिकडे अर्ध्या वाक्यात.

१५ सप्टें., सोम.

दुकानात नेली. मुलगा बघतोय न बघतोय, "बॅटरी हाकोकागल्ला अक्का, होसदे तगोळ्ळी." बॅटरी बदलत नाही, नवीनच घ्या. काचेखाली दहा प्रकार. कानात खुपसायचे वाटाणे. एक मोठा अप्पांच्या डोक्यावर चढवून पाहिला, पूर्ण आवाज केला. अप्पा म्हणाले, "शेजारच्या घरात कोणीतरी बोलतंय." तो मुलगा म्हणे, कानाला त्रास होऊ नये म्हणून हल्ली आवाज एवढाच ठेवतात. आता काय सांगायचं याला.

घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "बॉबिन संपली म्हणून कोणी मशीन टाकून देतं काय गे?"

हे मला झोंबलं. चाळीस वर्षं मशीन उघडून तेल घालणारी मी. जेवण झाल्यावर बसलेच. कानाची गादी ओढली, निघाली. खाली चार बारीक स्क्रू. आत हिरवी पाटी आणि बॅटरी. हुबेहूब आपला मार्किंगचा खडू, तेवढीच, तशीच चपटी. जरा फुगलेली. पाठीवर नंबर होता, भिंगातून वाचला, मोबाइलवर तीच मागवली. दहा दिवस म्हणतायत. जपून परत बंद केली.

१७ सप्टें., बुध.

आज एक बघितलं.

मी अस्तरं कापत होते. साडेचारचा फोन आला. आज आत्यालाच जास्त बोलायचं असावं, अप्पा फक्त हं हं करत होते. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मला आनंद, चला, बॅटरीला शहाणपण सुचलं. मान वर करून पाहिलं तर दिवा नाही. हिरवा नाही, लाल नाही, काहीच नाही. कानटोपी कधीच मेली होती.

आणि अप्पा मान हलवतायत. "हं. हं." मधेच भुवया वर. मधेच हसले पण.

फोन टेबलावर पडलेला. कानटोपी मेली की आत्याचा आवाज फोनमध्ये परत येतो, पण बारीक, डास गुणगुणल्यासारखा. तो चालू होता. थांबला. पडदा विझलेला दिसला तेव्हा अप्पांनी कानटोपी काढली.

"ऐकू येत होतं?"

"सगळं."

"काय म्हणाली आत्या?"

"घरचंच."

आणि सरळ काजं करायला बसले. ऐंशी पार केलेला माणूस किती सहज खोटं बोलतो! चिडू की हसू कळेना. पोळ्या लाटताना मात्र तेच डोक्यात. तिचं बोलणं तुटू नये म्हणून इतका वेळ नुसतं हं म्हणत बसायचं.

१९ सप्टें., शुक्र.

माझं चुकलं. लिहूनच टाकते.

काल पण तेच झालं, आज पण. अकराव्या मिनिटाला दिवा गेला, अप्पांनी हात वर केला नाही. हं चालू. आज मला राहवेना. डोक्यात आलं, म्हातारी तिकडे जीव तोडून बोलतेय, हा इकडे शून्य ऐकतोय, ही फसवणूकच की. आणि समजा तिने काही विचारलं, मागितलं, आणि हा हं म्हणाला, तर? त्यात वैनी, आत्याची सून, सांगत होती, डॉक्टर म्हणालेत तिचं हृदय थकलंय, मनाला लावून घेईल असं काही बोलू नका.

मी फोन उचलून कानाला लावला. "आत्या, थांब. कानटोपी बंद पडलीये. अप्पांना काही ऐकू येत नाहीये."

तिकडून आत्या, "कधीपासून?"

"वीस मिनिटं झाली."

मग जे विचारलं ते मला अपेक्षित नव्हतं. "आणि तुला? फोनमधलं तुला ऐकू येतं काय, सावी?"

"जवळ असले तर येतं थोडं."

"हौदा," म्हणाली. असं होय. मग, "बरं. ठेव."

अप्पांना काय झालं ते माझ्या तोंडाकडे बघूनच कळलं. कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "तुला कोण सांगितलं होतं मधे तोंड घालायला? सुम्ने, गप्प बसवत नाही तुला?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

२१ सप्टें., रवि.

काल फोन नाही. आज नाही. मी केला, तर वैनीने उचलला, "झोपल्यात." साडेचारला आत्या कधी झोपत नाही.

दसऱ्याची कामं मानेपर्यंत आली आहेत. सतरा ब्लाउजं, त्यातली सहा बोटनेकची, आणि प्रत्येकीला उद्याच हवंय. मी शिवते, उसवते. आज एक बाही उलटी लावली, वीस वर्षांत पहिल्यांदा.

अप्पांनी काल कपाटातून धुऊन मऊ झालेलं पांढरं कापड काढलं. आत्यासाठी चोळी. दरवर्षी दसऱ्याला बहिणीला स्वतः शिवून पाठवायची, हे तिच्या लग्नापासून. यंदा हात थरथरतो म्हणून मी मशीनवर मारते म्हटलं. नको. हातानेच. पुढे हूक नाहीत, बंद लावतायत. "हूक तिला आता लागत नाहीत," म्हणाले. हे तुम्हाला कोणी सांगितलं, विचारलं. "तिनेच. ऐकू येत होतं तेव्हा."

ते शेवटचं मला टोचण्यासाठीच होतं. टोचलं.

२४ सप्टें., बुध.

बॅटरी एक दिवस आधीच आली. आणि मी माती केली.

तपशीलवार लिहिते, म्हणजे पुन्हा होणार नाही. जुन्या बॅटरीच्या दोन्ही तारा गोंदाखाली तपकिरी झालेल्या, लाल कुठली, काळी कुठली कळेना. नवीच्या तारा मात्र स्वच्छ लाल-काळ्या. म्हटलं रंग जाऊ दे, जागेवरून जोडू. मग हाताने जे केलं ते डोक्याला विचारून केलं नाही. चाळीस वर्षं दोन तुकडे जोडायचे म्हणजे सुलट बाजू सुलटवर ठेवायची, तोंडाला तोंड, कड जुळवायची, टीप मारायची. उघडलं की बरोबर बसतं. नवी बॅटरी मी जुनीच्या तोंडावर तशीच पालथी ठेवली, जी तार जिच्यावर आली ती तिच्या जागी धरली. कापलं, पिळलं, वर चिकटपट्टी.

कापड उलटून सुलट होतं. बॅटरी होत नाही. पालथी घातली की डावीकडची उजवीकडे जाते.

चालू करताच दिवा नाही, बाई नाही. बोटांना ऊब लागली, मग जळक्या प्लास्टिकचा वास. खेचून काढली.

अप्पा बाहेर शेवंतीच्या कुंड्यांना पाणी घालत होते. त्यांच्या नाकाला कमी येतं का हे मी कधी विचारलेलं नाही. खिडक्या उघडल्या. अगरबत्ती लावली. काही सांगितलं नाही.

पाच दिवस झाले, फोन नाही. आता आला तरी घालायला काय आहे?

२५ सप्टें., गुरु.

सकाळी चहा पिताना अप्पा, "काल संध्याकाळी कुठली पूजा होती?"

सांगून टाकलं. सुलट सुलटवर ठेवली इथपर्यंत आले आणि रडूच फुटलं, पन्नाशी उलटलेल्या बाईला. अप्पा बघत राहिले. मग हसायला लागले, पोट धरून, ठसका लागेपर्यंत. "अय्यो सावी! ही चूक शिंप्याच्याच पोरीकडून होणार गे. दुसरा कोणी अशी करणार नाही, त्याला येणारच नाही." मग डोक्यावर हात ठेवला. "मीच शिकवलं ना तुला. माझीच चूक म्हण."

सहा दिवसांनी हसले.

आमच्या विजयनगरच्याच सेकंड स्टेजला एक म्हातारे रेडिओवाले आहेत, मंडपाचे स्पीकर दुरुस्त करतात. त्यांच्याकडे नेली. चष्मा कपाळावरून खाली आणून आत बघितलं. "उल्टा हाकिद्दीरा अक्का," म्हणाले. उलटी घातलीत. माझी कथा सांगितली, तर तेही हसले, "इदु ब्लाउज अल्ला." हे ब्लाउज नव्हे. आतला एक दाणा जळलाय, सोमवारी सांगतो, जगेलसं वाटतं, एवढं म्हणाले. बॅटरी पण तेच तपासतील.

'वाटतं' यावर जगायचं आता.

२८ सप्टें., रवि.

सरगूरला जाऊन आले. दसऱ्याची गर्दी, शहराकडे येणाऱ्या बसा भरलेल्या, आम्ही जाणारे मोजके. पिशवीत चोळी आणि नंजनगुडची रसबाळी केळी. तिला आता तेवढीच चावतात.

आत्या केवढीशी झालीये. पलंगावर उशीला टेकून. हाताला माझ्या बांगडीएवढी पण जाडी नाही. मी पाया पडले, माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणे, "आधी केळं सोल."

वैनी स्वयंपाकघरात गेली तेव्हा म्हणाले, "आत्या, मी त्या दिवशी बोलायला नको होतं. तुला वाटलं असेल अप्पांनी फसवलं."

"फसवतो कुठला? मला ठाऊक होतं गे."

"काय ठाऊक होतं?"

"पुट्ट्याला, तुझ्या अप्पाला, ऐकू येत असलं की तो मधे मधे बोलतो, वाद घालतो. असं नाही ग अक्का, तसं नाही ग अक्का. लहानपणापासून. ऐकू येईनासं झालं की हं हं करतो, शहाण्यासारखा." केळ्याचा तुकडा तोंडात घोळवत राहिली. "तेव्हाच बोलता येत होतं मला. काही असतं सावी, सांगितल्याशिवाय जीव हलका होत नाही. आणि ऐकणाऱ्याने ऐकलं तर त्याचा जड होतो. त्याला कशाला? त्याने नुसतं हं म्हटलं, पुरे."

मी मूर्खासारखी म्हणाले, "मग मला सांग. मी आहे ना."

"तुला कशाला? तू तर सगळ्या विजयनगरला सांगशील." डोळे मिचकावले. मग गंभीर झाली. "बरंच झालंय सांगून. थोडं राहिलंय. पण आता तू असतेस तिथे, आणि तो फोन बोलतो."

"मी ऐकणार नाही."

"कशी? कान काय खुंटीला टांगशील?"

मी पिशवीतून चोळी काढली.

चोळी मी घातली तिला. बंद बांधले. खांद्याला सैल, बाकी बरोबर बसली. बाहीची हातशिलाई बोटाने चाचपत होती, एक एक टाका. "इथे थरथरलाय," म्हणाली. थोड्या वेळाने, "आणि इथे." मग चोळी काढू देईना.

निघताना वैनी दारापर्यंत आली. जेवण दोन घासांवर आलंय, म्हणाली. डॉक्टरांनी काय ते सांगून ठेवलंय.

घरी आल्यावर अप्पा दारातच. "बसली?"

"बसली. खांद्याला स्वल्प सैल."

"वाळलीये म्हणजे." आत गेले.

बाकीचं सांगितलं नाही. ते तिचं, मी कोण सांगणार? एकदा तोंड घातलंय तेवढं बास.

३० सप्टें., मंगळ.

जगली! रेडिओवाल्यांनी जळलेला दाणा बदलला, तारा नीट डाखल्या, आणि बॅटरीच्या पाठीवर लाल शाईने मोठी अधिकची खूण काढून दिली, माझ्यासाठी. सहा तास चालेल म्हणाले.

घरी आणून अप्पांच्या डोक्यावर ठेवली. हिरवा दिवा. अप्पांचे डोळे मोठे झाले. "बाई आली!"

साडेचारला घालून बसले. पाच वाजले. साडेपाच. दिवा आपला हिरवाच, पहिल्यासारखा. फोन आला नाही. मी करू का विचारलं. "नको. तिला वाटेल तेव्हा."

सहाला काढून ठेवली, गादीवर जुना मऊ रुमाल घालून.

१ ऑक्टो., बुध. आयुधपूजा

शेवटचं ब्लाउज काल संध्याकाळी गेलं. आज औजारांना सुट्टी. सकाळी सगळं धुऊन पुसून मांडलं, अप्पांची पायमशीन, माझी मोटरची, तीन कात्र्या, इस्त्री, टेप, अंगठ्याची टोपी. झेंडूच्या माळा, हळद-कुंकू. दारात कोहळा फोडला. अप्पांनी कानटोपी स्वतः आणून मोठ्या कात्रीशेजारी ठेवली, तिलाही कुंकू लावलं, तेही बरोबर दिव्यावर. मला पुसून घ्यावं लागलं.

आज मांडलेल्या औजाराला उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. अप्पांचा हा नियम कडक. मी लहान असताना या दिवशी फ्रॉकचा लोंबता दोरा कात्रीने तोडला म्हणून दिवसभर माझ्याशी बोलले नव्हते. नंतर दाताने तोडायची.

साडेचारला फोन वाजला. आत्या.

मी अप्पांकडे बघितलं. अप्पांनी मांडलेल्या पूजेकडे. सुट्टा फोन कानाला लावून त्यांना काही कळणार नव्हतं. मी म्हणणार होते, उद्या कर म्हणून सांगते, तोवर ते उठले. झेंडू बाजूला केला, कानटोपी उचलली, नमस्कार केला, आणि डोक्यावर चढवली.

"हां, बोल अक्का."

बोलली. पहिली पाच-दहा मिनिटं काय मजा! हे म्हणतायत, "नाही ग, थरथरला नाही, कापडच तसं आहे." हे म्हणतायत, "खांदा सैल तर तू जाड हो." वाद घालतायत. मी चुरमुऱ्यांच्या पुड्या बांधत होते, हसत होते.

मग एकदम गप्प झाले. "हं."

दिवा गेलेला.

माझं टाळकंच सरकलं. सहा तास म्हणे! रेडिओवाल्यांना काय काय बोलायचं ते जुळवतच उठले. जवळ गेले आणि बघितलं. अप्पांचा अंगठा अजून बटणावर होता. त्यांनीच बंद केली होती.

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीतून बाहेर बघत होते. "हं," म्हणाले. थोडं थांबून, "हं."

म्हणजे यांनाही ठाऊक होतं. कधीपासून, देव जाणे.

टेबलावर फोन बोलायला लागला होता. बारीक आवाज, आत्याचा, न थांबणारा. मी दोन हातांवर. अजून एक पाऊल पुढे गेले असते तर शब्द कळले असते. खोटं कशाला लिहू, जावंसं वाटलं. आत्याची किती वर्षं त्यात असतील, कदाचित आमच्या घरातलंही काही असेल. खोली सोडून जावं तर फोन टेबलाच्या कडेला, पुढचं दार त्याच्याच पलीकडे, आणि मागच्या खोलीत पण ही सगळी खोली ऐकू येते.

मग मी अप्पांच्या पायमशीनवर बसले. कुंकू लावलेल्या, माळ घातलेल्या. माळ हळूच वर सरकवली, सुई काढून ठेवली, आणि पाय मारायला लागले. दोरा नाही, कापड नाही. नुसती मशीन. जुनी आहे, दणदणते. सगळी फरशी हलायला लागली.

अप्पांना आवाज गेला नसेल. पण पायांना कळलं. त्यांनी मान वळवली, माझ्या पायांकडे बघितलं, माळेकडे बघितलं. आजचा दिवस कुठला हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. पुन्हा खिडकीकडे वळले. "हं."

मी पाय थांबवले नाहीत. फोनचा पडदा विझला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. पोटऱ्या भरून आल्या.

अप्पांनी कानटोपी काढली, रुमालाने पुसली, कात्रीशेजारी परत ठेवली, झेंडू पहिल्यासारखा लावला. मग वाटीतलं कुंकू घेऊन मशीनजवळ आले आणि घासून गेलेला टिळा पुन्हा लावला.

"तुला काही ऐकू आलं काय?"

मी मान हलवली, नाही.

"मला पण नाही," म्हणाले, आणि चुरमुऱ्यांची एक पुडी उचलून बाहेर पायरीवर जाऊन बसले.